मेंदूचा मुका मार आणि कामावर परतण्याचे वेळापत्रक: एका पुनर्वसन सेवेचा अनुभव

पुण्यातील एका लहान मेंदू-पुनर्वसन केंद्राची कामावर परतण्यासाठीची सेवा मी गेल्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर असे बारा आठवडे घेतली; शेवटचे एक सत्र मात्र मार्चमध्ये झाले. सुरुवातीची तपासणी, चौदा सत्रे, माझ्या कार्यालयाला दिलेली एक भेट आणि एक लेखी अहवाल मिळून २१,८०० रुपये खर्च आला. केंद्राचे नाव मी येथे देत नाही. पुढे काही तक्रारी लिहिल्या आहेत, हे त्याचे एक कारण आहे. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे की, अशी सेवा वाचकांना आपापल्या गावात मागता यावी आणि मागताना नेमके काय मागायचे ते ठाऊक असावे, यासाठी हे लिहीत आहे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सिंहगड रस्त्यावर पावसात माझी स्कूटर घसरली. डोक्याला हेल्मेट होते आणि ते एका बाजूने तडकले. मिनिटभर शुद्ध हरपली असे लोकांनी सांगितले. त्यानंतरचे सुमारे दोन तास मला आजही आठवत नाहीत, जरी त्या दोन तासांत मी माझे नाव, पत्ता आणि यजमानांचा फोन नंबर बरोबर सांगितला होता. रुग्णालयात ग्लासगो कोमा स्केलवर पंधरापैकी पंधरा गुण मिळाले, सीटी स्कॅनमध्ये काहीही निघाले नाही, आणि दुसऱ्या दिवशी आठवडाभर विश्रांतीचा सल्ला देऊन घरी सोडले. शेजारच्या आजी म्हणाल्या, "मुका मार आहे, बाई. वरून दिसत नाही, पण आत ठणकत राहतो." इतके नेमके वर्णन मला पुढे कोणाकडूनही ऐकायला मिळाले नाही.

वैद्यकीय भाषेत याला सौम्य मेंदू-इजा म्हणतात. ग्लासगो स्केलवर १३ ते १५ गुण, बेशुद्धी अर्ध्या तासाहून कमी, आणि स्मृतीतील खंड चोवीस तासांच्या आत असेल, तर इजा 'सौम्य' ठरते. हे स्केल १९७४ मध्ये ग्लासगो शहरातील डॉक्टरांनी रुग्णाच्या शुद्धीचा अंदाज घेण्यासाठी तयार केले. त्यामुळे 'सौम्य' हा शब्द पहिल्या दिवसाच्या अवस्थेविषयी आहे. सहा आठवड्यांनी तुम्ही दिवसभर आकडे तपासू शकाल की नाही, याविषयी तो काहीच सांगत नाही. सीटी स्कॅनचेही तसेच आहे. कवटीचे हाड मोडले आहे का आणि आत रक्तस्राव झाला आहे का, हे तो दाखवतो. धक्क्याने पेशींमधील क्षारांचा तोल बिघडणे, तो सावरण्यासाठी मेंदूला जास्त इंधन लागणे आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा काहीसा मंदावणे, हे त्यात दिसत नाही. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. काहींची लक्षणे मात्र तीन महिन्यांच्या पुढेही रेंगाळतात आणि मी त्यांपैकी एक होते.

घरी सासूबाईंनी मायेपोटी आठ दिवस पडदे ओढून मला अंधाऱ्या खोलीत ठेवले. मोबाईल बंद, पुस्तक बंद, बोलणेही मोजके. हा जुना सल्ला असून आता तो मागे पडला आहे, हे मला केंद्रात गेल्यावर कळले. पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती आणि त्यानंतर सोसेल तितकी हालचाल व कामे हळूहळू वाढवणे, असे हल्ली सांगतात. आठ दिवसांच्या अंधाराने झाले इतकेच की नंतर साधी ट्यूबलाईटही डोळ्यांत खुपू लागली.

नवव्या दिवशी मी कामावर रुजू झाले. आमची नागरी सहकारी बँक आहे आणि शाखेत माझ्याकडे पासिंगचे काम आहे. काउंटरवरील लिपिकाने नोंदवलेला चेक माझ्या संगणकावर येतो. तारीख, अक्षरी रक्कम, अंकी रक्कम, सही आणि खात्यातील शिल्लक पाहून मी तो मंजूर करते. एकोणीस वर्षे हे काम मी डोळ्यांत तेल घालून केले आहे. त्या आठवड्यात दुपारी दोनपर्यंत डोके जड व्हायचे, तीनला शब्द जिभेवर येऊन अडायचे, आणि घरी जाताना रिक्षात डोळे मिटून बसावे लागायचे. चौथ्या दिवशी एका चेकवर अक्षरी रक्कम छत्तीस हजार पाचशे होती आणि अंकी रक्कम ६३,५०० होती. मी तो ६३,५०० रुपयांना मंजूर केला.

हे कसे घडले ते मी नंतर अनेकदा आठवून पाहिले. अक्षरी रक्कम मी वाचली होती. ती मनात धरून नजर उजवीकडच्या चौकटीकडे नेईपर्यंत, म्हणजे जेमतेम सेकंदभरात, ती मनातून सुटली. चौकटीतला आकडा दिसला आणि आपण आत्ता हेच वाचले होते असे मनाने परस्पर ठरवून टाकले. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १८ प्रमाणे अशा वेळी अक्षरी रक्कम ग्राह्य असते, आणि व्यवहारात आम्ही असा चेक परतच करतो. हे नियम मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. चेक खात्यातून खात्यात वर्ग होणारा होता आणि संध्याकाळी व्हाउचर तपासताना एका सहकाऱ्याने चूक पकडली, म्हणून नोंद त्याच दिवशी उलटवता आली. मी पुन्हा रजा टाकली. मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासून सांगितले की औषधांचा भाग आता थोडा आहे, व्यवसायोपचाराचा (रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठीच्या ऑक्युपेशनल थेरपीचा) भाग जास्त आहे, आणि या केंद्राची चिठ्ठी दिली.

पहिली तपासणी दीड तास चालली. रिव्हरमीड नावाची प्रश्नावली भरून घेतली. तिच्यात डोकेदुखी, भोवळ, आवाज न सोसणे, थकवा, चिडचिड, विसर अशी सोळा लक्षणे असून प्रत्येकाला शून्य ते चार गुण असतात. माझी बेरीज चौसष्टपैकी चौतीस आली. त्यानंतर स्मरणशक्तीची एक छोटी प्रचलित चाचणी झाली आणि तीत मला तीसपैकी सत्तावीस गुण मिळाले, म्हणजे निकाल ठीक. माझा चेहरा उजळला असावा, कारण थेरपिस्ट लगेच म्हणाल्या, "मॅडम, ही चाचणी दहा मिनिटांची आणि शांत खोलीतली आहे. तुमचं काम सात तासांचं आणि गर्दीतलं आहे. या गुणांवर कामावर जायचा निर्णय घ्यायचा नाही." या एका वाक्यासाठी मी या सेवेला मोठे श्रेय देते. तोवर प्रत्येक तपासणीत मी पास होत होते आणि प्रत्येक दिवशी कामात नापास होत होते, आणि या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे मला कोणी सांगितले नव्हते.

त्याच दिवशी केंद्रातील फिजिओथेरपिस्टनी मला पाठीवर झटकन आडवे करून डोळ्यांची हालचाल पाहिली. कूस बदलताना खोली गरगरते, ही तक्रार मी अंगावर काढत होते. कानातील तोलाच्या नळीत बारीक कण सरकल्याने ती होत होती, आणि डोक्याला मार लागल्यानंतर हे बरेचदा होते. डोके ठरावीक क्रमाने वळवण्याच्या एपली पद्धतीने दोन भेटींत ती भोवळ थांबली. पेन नाकाकडे आणत डोळ्यांची तपासणी केली, तेव्हा चौदा सेंटीमीटरवरच मला एकाची दोन पेने दिसू लागली. साधारणपणे पेन सहा सेंटीमीटरच्या आत येईपर्यंत एकच दिसायला हवे. चेकवरून पडद्याकडे आणि पडद्यावरून चेककडे दिवसाला शेकडो वेळा नजर नेणाऱ्या बाईचे डोके दुपारी दोनला का ठणकत होते, त्याचा निम्मा उलगडा तिथेच झाला. यासाठी घरी करायचे डोळ्यांचे व्यायाम मिळाले, ते कंटाळवाणे होते आणि उपयोगी पडले.

या सेवेचा खरा गाभा मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्रात आहे. थेरपिस्टनी मला माझा संपूर्ण दिवस कागदावर उतरवायला सांगितले. 'पासिंगचे काम' असे लिहून चालणार नव्हते. सकाळी स्ट्राँगरूम दोघांच्या किल्ल्यांनी उघडताना सर्वांत खालचा खण वाकून उघडावा लागतो, तेही लिहायचे. साडेदहा ते साडेबारा चेक, मध्येच सही जुळत नाही म्हणून ग्राहक टेबलाशी येतात, फोन वाजतो, मागे नोटा मोजण्याचे यंत्र फडफडते, शिपाई रजिस्टरवर सही मागतो, हे सगळे लिहायचे. मग प्रत्येक ओळीपुढे त्यांनी चार गोष्टींना गुण दिले: डोळ्यांवरचा ताण, आवाज, मध्येच होणारा व्यत्यय, आणि चूक झाल्यास होणारे नुकसान. पान भरल्यावर जे दिसले ते मला एकोणीस वर्षांत दिसले नव्हते. माझ्या दिवसातील सर्वांत जड दोन तास म्हणजे सकाळचे पासिंग. त्यात चारही रकाने भरलेले होते. दुपारचे कर्जखात्यांचे कागद तपासण्याचे काम मला मोठे वाटायचे, पण ते चौथा रकाना सोडला तर हलके होते.

"तुम्ही पासिंगमध्ये कच्च्या झालेल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "आज तुमच्यात चाळीस चेकांची ताकद आहे आणि तुम्ही दीडशे पास करताय. एक्केचाळिसाव्यापासून चूक होणारच. आपण आधी चाळीसच करू." या हिशेबाने माझी भीती उतरली. माझी बुद्धी गेली, असे मी तोवर मनोमन धरून चालले होते.

पुढची शिडी या हिशेबावर बांधली गेली. आधी घरी वीस मिनिटे, जुन्या कोऱ्या स्लिपांवर थेरपिस्टनी लिहून दिलेल्या अक्षरी-अंकी रकमा जुळवायच्या. नंतर तेच काम रेडिओ लावून. नंतर मध्ये दोनदा यजमानांनी काहीतरी विचारायचे आणि मी पुन्हा त्याच ओळीवर परत यायचे. नियम एकच होता. काम सुरू करण्यापूर्वी डोकेदुखीला शून्य ते दहापैकी गुण द्यायचे. काम करताना ते आधीपेक्षा दोन गुणांपर्यंत वाढले आणि तासाभरात खाली आले, तर चालेल. त्याहून वाढले तर पुढच्या दिवशी एक पायरी खाली. खेळाडूंच्या डोक्याला मार लागल्यावर जगभर हाच नियम वापरतात, आणि ॲमस्टरडॅम येथे २०२२ मध्ये झालेल्या तज्ज्ञांच्या परिषदेतील सहमतीतही तो आहे. शून्य त्रास होईपर्यंत थांबा, असे हा नियम सांगत नाही, आणि तितकेच ठामपणे, सहन करून रेटत राहा असेही सांगत नाही. आपल्याकडे या दोन टोकांच्या मध्ये सल्ला देणारे कोणी सहसा भेटत नाही.

चालण्याचा व्यायामही असाच मोजून दिला. ट्रेडमिलवर हळूहळू चढ वाढवत नेल्यावर माझे डोके नाडीच्या १३२ ठोक्यांना जड होऊ लागले. त्याच्या ऐंशी ते नव्वद टक्के, म्हणजे १०५ ते ११८ ठोक्यांच्या दरम्यान, रोज वीस मिनिटे चालायचे. ही पद्धत अमेरिकेतील बफेलो विद्यापीठातील संशोधकांनी रूढ केली आहे. तळजाईची टेकडी मला तेव्हा झेपत नव्हती; इमारतीच्या आवारातील फेऱ्यांनी ती मर्यादा सहा आठवड्यांत बरीच पुढे सरकली.

आता पत्राविषयी. आपल्याकडे आजारपणानंतर कामावर जायचे म्हणजे डॉक्टरांचे फिटनेस सर्टिफिकेट लागते आणि त्यात एकच वाक्य असते: अमुक तारखेपासून कामासाठी तंदुरुस्त. ज्याचे हाड जुळले आहे त्याच्यासाठी हे वाक्य पुरते. मेंदूला मुका मार लागलेल्या माणसासाठी ते घातक ठरू शकते, कारण त्या तारखेच्या आदल्या दिवशी शून्य काम आणि त्या तारखेला पूर्ण काम, असा त्याचा अर्थ होतो. केंद्राने दिलेले पत्र दोन पानी होते. पहिले दोन आठवडे चार तास, पुढचे तीन आठवडे पाच तास, नंतर सहा, आणि दहाव्या आठवड्यापासून पूर्ण वेळ. पहिले पाच आठवडे मी मंजूर केलेला प्रत्येक चेक दुसऱ्या अधिकाऱ्याने पाहावा. दर चाळीस मिनिटांनी दहा मिनिटे पडद्यापासून दूर. काउंटरवर बसवू नये. स्ट्राँगरूमची किल्ली भोवळ पूर्ण थांबेपर्यंत दुसऱ्याकडे असावी. शेवटी एक ओळ होती, जी मला आजही पाठ आहे: "कर्मचारी बाहेरून पूर्णतः बऱ्या दिसतील; लक्षणे दिसत नसल्यामुळे वेळापत्रक लवकर आवरते घेऊ नये." शाखेत प्रत्येक जण मला भेटून "तुम्ही तर ठणठणीत दिसताय" असे आनंदाने म्हणत होता, आणि त्या आनंदाला उत्तर काय द्यावे हे मला सुचत नव्हते. त्या ओळीने माझ्या वतीने उत्तर दिले.

पत्र मिळाल्यावर महिन्याच्या पहिल्या शनिवारी थेरपिस्ट शाखेत आल्या. या भेटीचे दोन हजार रुपये वेगळे पडतात आणि केंद्राच्या माहितीपत्रकात ती ऐच्छिक म्हणून छापली आहे. माझ्या मते ती ऐच्छिक असू नये. पाऊण तास त्या एका खुर्चीवर शांत बसून राहिल्या आणि वीस मिनिटांत माझ्या कामात किती वेळा खंड पडला ते मोजले. सतरा वेळा. नोटा मोजण्याचे यंत्र माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर होते. ते कॅशच्या केबिनच्या दुसऱ्या टोकाला हलवले. डोक्यावरची एक ट्यूब लुकलुकत होती आणि ते कोणाच्याच लक्षात आले नव्हते. माझा पडदा डावीकडे इतका कललेला होता की प्रत्येक चेकला मान वळवावी लागत होती. तो समोर आणला. टेबलाची दिशा बदलून माझी पाठ दरवाजाकडे केली, त्यामुळे येणारे-जाणारे नजरेआड झाले.

मग त्यांनी चेक हातात घेतला आणि मी नजर कशी फिरवते ते पाहिले. उपाय अगदी साधा निघाला. एक निळी प्लॅस्टिकची पट्टी अक्षरी रकमेच्या ओळीखाली धरायची. ती रक्कम वाचून ती मी स्वतः बाजूच्या कोऱ्या कागदावर अंकांत लिहायची. पट्टी उचलायची, आणि मग चौकटीतील आकडा माझ्या कागदावरील आकड्याशी ताडायचा. मनात धरण्याचे काम कागदाला दिले, इतकेच. मराठीत आपण एकक आधी उच्चारतो आणि दशक नंतर, छत्तीसमधला सहा आधी ऐकू येतो आणि लिहिताना तो नंतर येतो. थकलेल्या डोक्यात हीच अदलाबदल घसरत होती, हेही त्यांनीच दाखवून दिले. एका चेकला पाच-सहा सेकंद जास्त लागतात. त्या दिवसापासून आजपर्यंत अक्षरी-अंकी रकमेची चूक माझ्याकडून झालेली नाही, आणि आता ताकद भरून आली असली तरी ती पट्टी मी सोडलेली नाही. शाखा व्यवस्थापक साहेबांनी नव्या लिपिकांनाही तशाच पट्ट्या आणून दिल्या.

मध्येच गणपती आले. पुण्यात राहून ढोल-ताशांपासून लांब राहणे शक्य नाही आणि मला ते नकोही होते. सातवे सत्र आम्ही त्यासाठीच घेतले. उत्सवाच्या दहा दिवसांत कामाचे तास वाढवायचे नाहीत. कानात घालायचे फोमचे बोळे फक्त मिरवणूक जवळून जाताना वापरायचे. दिवसभर घालून ठेवले तर कान आवाजाला आणखी हळवे होतात. घरच्या गौरींसाठी तीन दिवस रजा आधीच टाकायची आणि आरतीला झांजांपासून दूर, दाराशी उभे राहायचे. जाऊबाईंनी नैवेद्याची सगळी बाजू न सांगता उचलली. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली, आणि त्या एका सुट्टीमुळे पुढचा आठवडा वाया गेला नाही.

तक्रारी आता स्पष्टपणे मांडते. ज्या केंद्रात प्रकाश आणि आवाज न सोसणारी माणसे येतात, त्याच्या प्रतीक्षागृहात पांढऱ्या प्रखर ट्यूबा होत्या आणि दूरचित्रवाणी संच दिवसभर चालू असे. मी दोनदा सांगितल्यावर आवाज बंद झाला, चित्र चालूच राहिले. घरी करायच्या व्यायामांची पाने फक्त इंग्रजीत होती. माझे इंग्रजी कामापुरते चांगले आहे, पण त्या अवस्थेत परक्या भाषेतील बारीक टाइप वाचणे हाच एक व्यायाम होऊन बसला, आणि माझ्याबरोबर येणाऱ्या एका प्रौढ रिक्षाचालक दादांना तर ती पाने मुलीकडून वाचून घ्यावी लागत. मी माझ्या पानांचे मराठी करून केंद्राला दिले; त्यांनी ते स्वीकारले, ही समाधानाची गोष्ट आहे. संध्याकाळी सहानंतर वेळ मिळत नाही. कामावर परतणाऱ्यांसाठीची सेवा कामाच्या वेळेतच उपलब्ध असावी, हे न पटणारे आहे. शेवटची पाच सत्रे मला अर्ध्या दिवसाच्या रजा टाकून करावी लागली. सर्वांत मोठी तक्रार पत्राच्या विलंबाची आहे. तपासण्या पूर्ण झाल्यानंतर पत्र हातात यायला नऊ दिवस लागले, आणि ते नऊ दिवस माझ्या अर्धपगारी रजेतून गेले.

तीन सत्रांचा बराच वेळ टॅबलेटवरील स्मरणशक्तीच्या खेळांत गेला, तो माझ्या मते टाळता आला असता. खेळातील माझे गुण भराभर वाढले. चेक तपासण्याच्या वेगावर त्याचा काहीच परिणाम दिसला नाही. जे काम करायचे आहे त्याचाच सराव लहान मापात करणे फळाला आले. कोणी तुम्हाला केवळ असे खेळ देऊन घरी पाठवत असेल, तर पैसे द्यायच्या आधी विचारा. कुटुंबीयांसाठी एकच सत्र आहे, तेही अपुरे वाटले. माझी चिडचिड हा इजेचा भाग आहे, हे यजमानांना कळायला ते एक सत्र पुरले. मुलाला कळायला पुरले नाही.

खर्चाचे सांगायचे तर माझ्या आरोग्य विम्यातून यातील एक रुपयाही मिळाला नाही, कारण रुग्णालयात दाखल न होता घेतलेले उपचार त्यात धरले जात नाहीत. पॉलिसीत बाह्यरुग्ण उपचारांचे कलम आहे का, हे आधी पाहून ठेवावे. ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि जे कर्मचारी राज्य विमा योजनेत आहेत, त्यांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी: २०१० च्या दुरुस्तीनंतर घरून कामावर जाताना किंवा कामावरून येताना झालेला अपघातही, त्याचा नोकरीशी संबंध जुळत असेल तर, कामावरचा अपघात धरला जातो, आणि त्यात मिळणारा भत्ता साध्या आजारपणाच्या भत्त्यापेक्षा जास्त असतो. अपघाताची नोंद त्या दिवशीच कार्यालयात करून ठेवणे म्हणून फार महत्त्वाचे आहे.

खासगी केंद्र परवडत नसेल तर वाट बंद होत नाही. व्यवसायोपचाराचे आशियातील पहिले विद्यालय १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले, आणि ते सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन आणि संसाराने मराठी होत्या. आजही मुंबईत के.ई.एम., नायर आणि शीव या महापालिका रुग्णालयांत, तसेच नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व्यवसायोपचाराचे विभाग आहेत. हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. तिथे गर्दी असते आणि कोणी तुमच्या कार्यालयात येईलच असे नाही. पण दिवस कागदावर उतरवून नेणे, प्रत्येक कामाला गुण देणे आणि पायऱ्यांचे लेखी पत्र मागणे, हे तिथेही करता येते. पाठवणाऱ्या डॉक्टरांकडे फक्त 'फिट' असे न मागता तासांचे वेळापत्रक मागा. कागदावर तास लिहिलेले असले की व्यवस्थापकही ते पाळू शकतात. तोंडी 'जरा सांभाळून घ्या' दोन दिवसांत विरते.

एक सावधगिरी मात्र हवी. डोकेदुखी वाढतच जाणे, वारंवार उलट्या, हात-पाय लुळे पडणे, फिट येणे, बोलणे अडखळणे किंवा गुंगी वाढणे, यांपैकी काहीही दिसले तर पुनर्वसन केंद्राची वेळ घेण्यात वेळ घालवू नये, थेट रुग्णालय गाठावे. आणि वेदनाशामक गोळ्या रोज घेऊ नयेत. महिन्यातले पंधरा किंवा त्याहून अधिक दिवस असे काही महिने चालले तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. मी त्या वाटेवर होते, आणि पहिल्याच भेटीत माझ्या पिशवीतील गोळ्यांच्या स्ट्रिप मोजून थेरपिस्टनी मला डॉक्टरांकडे परत पाठवले, हेही त्यांच्या खात्यावर जमा.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी पूर्ण वेळ काम करू लागले. चौदावे सत्र आम्ही मुद्दाम राखून ठेवले आणि ते मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात घेतले, मार्चअखेरसाठी. पुन्हा तोच चार रकान्यांचा तक्ता, या वेळी मी स्वतः भरलेला. ३१ मार्चला मी सकाळी दहा ते रात्री आठ शाखेत होते. अकरा, दोन आणि पाच वाजता जुन्या दप्तराच्या खोलीत दिवा बंद करून पंधरा-पंधरा मिनिटे बसले. शिपाईमामा दाराशी उभे राहून कोणाला आत येऊ देत नव्हते. दिवसाखेर ताळा एका फेरीत जुळला. डोकेदुखी तीनवर गेली होती, घरी पोचेपर्यंत एकवर आली. एक एप्रिलला बँक ग्राहकांसाठी बंद असते. कागदांचे काम दुपारीच आटोपले, आणि त्या दिवशी अपघातानंतर पहिल्यांदा मी तळजाईच्या टेकडीवर चढून गेले.